मुक्त खेळ, सव्वापाच ते साडेपाच

४ मार्च, मंगळवार

आजपासून दैनंदिनी. कारण, आमच्या वसाहतीच्या बालफुटबॉल संघाचा प्रशिक्षक म्हणून माझी निवड झाली आहे. निवड म्हणजे असं, की आधीचे प्रशिक्षक बदली होऊन गेले. पालकांच्या सभेत "आता कोण बघणार?" असा प्रश्न आला तेव्हा सगळे एकदम आपापल्या पायांकडे पाहू लागले. मी तेवढा समोर पाहत होतो.

मी लिफ्ट तपासनीस आहे. इमारतींच्या लिफ्ट धडधाकट आहेत की नाहीत हे पाहायचं आणि शिक्का मारायचा, हे माझं काम. मी पास केलेली लिफ्ट आजवर कधी अडकलेली नाही. ज्याला टनावारी लोखंड शिस्तीत वर-खाली करता येतं, त्याला अकरा पोरं पुढे-मागे करणं काय जड, असं मी हिला म्हणालो. ही इस्पितळात लोकांचे कान तपासते. म्हणाली, "लोखंडाला कंटाळा येत नाही हो."

सासूबाई आमच्याकडेच असतात आणि दिवसभर एकट्याच पत्ते खेळतात. त्यांनी पत्त्यांवरची नजर न काढता विचारलं, "पण तुम्हाला येतो का फुटबॉल?"

मी म्हटलं, "प्रश्न येण्याचा नाही, शिकवण्याचा आहे."

त्यांनी चौकटची राणी उचलली आणि काळ्या राजावर ठेवली.

आमची कन्या बिट्टी याच संघात आहे. वय नऊ. बाप प्रशिक्षक झाल्याचं कळताच ती म्हणाली, "म्हणजे आता मैदानावर पण?" आणि आत निघून गेली. आनंद काही मुलं अशी आतल्या आत साजरा करतात.

६ एप्रिलला पहिला सामना. समोर साडूंची अकादमी. साडू म्हणजे हिच्या धाकट्या बहिणीचे यजमान. त्यांच्या अकादमीतल्या पोरांच्या बॅगाही एका रंगाच्या आहेत. जास्त लिहीत नाही.

७ मार्च, शुक्रवार

पहिला सराव. मैदानावर खुणेच्या प्लास्टिकच्या नारिंगी टोप्या समान अंतरावर मांडल्या. अंतर मोजपट्टीने घेतलं. मुलांनी टोप्यांमधून वळणं घेत चेंडू न्यायचा, शेवटी पास द्यायचा आणि रांगेत मागे येऊन उभं राहायचं. रांग फार सुरेख झाली होती. एकाचा पाय चेंडूला लागत असताना बाकी सगळे शिस्तीत उभे.

शिट्टीही नवीन आणली आहे. आवाज थेट पाण्याच्या टाकीपर्यंत जातो.

मुलांची ओळख करून घेतली. अकरा नावं एकदम लक्षात राहीनात, म्हणून मनातल्या मनात टोपणनावं ठेवली आहेत. सगळ्यात लहान मुलगा कधीच डोक्यावरची टोपी काढत नाही, तो टोपी. प्रत्येक गोष्टीत "पण सर, नियम काय आहे?" विचारणारी वकीलबाई. उंचच उंच, उभ्याउभ्या डुलकी घेणारा गोलरक्षक म्हणजे खांब.

टोपी मध्येच रडला. विचारलं तर म्हणाला, "माझा नंबर आला आणि संपला."

१४ मार्च, शुक्रवार

बिट्टीचं पोट दुखलं. मंगळवारीही दुखलं होतं. शनिवारी, रविवारी, सोमवारी दुखत नाही. मंगळवारी आणि शुक्रवारी बरोब्बर साडेचारला दुखतं. यंत्रात असा दोष आढळला तर मी आधी वेळापत्रक तपासतो. मंगळवारी आणि शुक्रवारी शाळेच्या डब्यात काय असतं, ते बघायला हिला सांगितलं. ती माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "बघते."

संघात आज सात. दोघांची शिकवणी लागली आहे म्हणे, एकाच्या पायात कळ येते. सरावाला मात्र धार येत आहे. आज मी एकूण किती सूचना दिल्या हे मोजलं नाही, पण घसा खरवडल्यासारखा झाला आहे.

१६ मार्च, रविवार

साडू सहकुटुंब आले होते. सोबत त्यांचे चिरंजीव. साडू त्याला घरातही 'चॅम्पियन' म्हणतात. "चॅम्पियन, पाणी पी." "चॅम्पियन, मावशीला नमस्कार कर." चॅम्पियन दहा वर्षांचा आहे. त्याच्या छातीला एक पट्टा बांधलेला असतो, तो हृदयाचे ठोके मोजतो.

"साडूभाऊ," साडू म्हणाले, "तुमची पोरं आठवड्यातून दोनदाच? आमची सहा दिवस. सातव्या दिवशी व्हिडिओ बघून चुका काढतो."

"आमचा भर दर्जावर आहे," मी म्हटलं.

तेवढ्यात बिट्टी चॅम्पियनला म्हणाली, "चल, खाली खेळू." त्याने वडिलांकडे पाहिलं आणि विचारलं, "पप्पा, हे सरावात धरणार का?"

साडू अभिमानाने माझ्याकडे पाहून हसले. मलाही मान्य करावं लागलं, पोराला वळण आहे. सासूबाई पत्ते पिसता पिसता म्हणाल्या, "बिचारा." कोणाबद्दल म्हणाल्या, ते कळलं नाही.

१८ मार्च, मंगळवार

आज मोठाच गौप्यस्फोट.

सराव लवकर आटोपला, कारण सहाच जण आले. परतताना फर्निचरच्या गोदामामागून शॉर्टकट घेतला. त्या मागच्या अंगणात ट्रक माल उतरवतात. तिथून आरडाओरडा ऐकू आला. डोकावलो, तर आमचा संघ! शिकवणीवाले दोघे, पायात कळ येणारा, आणि ज्यांना मी पाचच मिनिटांपूर्वी निरोप दिला होता ते सहाही. आणि पोट दुखत असलेली माझी कन्या. ती एका मुलाच्या खांद्यावरून उडी मारत होती.

स्प्रिंगा बाहेर आलेला एक सोफा म्हणजे एक गोल. समोर दोन लाकडी खोकी, तो दुसरा. रेषा नाहीत, पंच नाही. एका बाजूला पाच जण, दुसऱ्या बाजूला सहा, कारण त्या सहांत गोदामाचा पहारेकरी होता. त्याला कोणी पास देत नव्हतं, पण तो खूश होता.

मी पुढे झालो. वकीलबाई मला नियम समजावून सांगू लागली. चेंडू ट्रकला लागला तर मेला. कोणी तीन गोलांनी मागे पडला, तर समोरच्यांनी आपला एक चांगला खेळाडू त्यांना द्यायचा. टोपीचा गोल दोन धरायचा. आणि अंधार पडायला लागला की जो शेवटचा गोल करेल तो जिंकला.

"मग आधीचे गोल कशाला करायचे?" मी विचारलं.

ती गोंधळली. "मजेसाठी," म्हणाली.

मुलांच्या अंगात खेळाची एवढी हौस आहे, फक्त तिला दिशा नाही, हे माझ्या ध्यानात आलं. लगेच पिशवीतल्या टोप्या काढल्या, शिट्टी मारली, दोन गट पाडले, ट्रकच्या बाजूने सुरक्षित अंतर आखलं. एकाला घरी काम आठवलं. दुसऱ्याला आईने हाक मारली, जी मला ऐकू आली नाही. टोप्यांची दुसरी रांग मांडून मान वर केली, तेव्हा अंगणात मी आणि पहारेकरी.

"बरं झालं साहेब," तो म्हणाला. "फार गोंगाट करायची पोरं." पण चेहरा सुतक असल्यासारखा होता.

१९ मार्च, बुधवार

बिट्टी बोलत नाही. पोटदुखीबद्दल मी एक शब्द काढलेला नाही, हे तिच्या लक्षात आलेलं नसावं.

रात्री जेवताना सासूबाईंनी विचारलं, "लहानपणी तुम्ही काय खेळायचात, जावईबापू?"

"विशेष काही नाही. असंच. बाहेर."

"शिकवायला कोण होतं?"

"कोणी नाही. कोण येणार? अंधार पडेपर्यंत आम्हीच आपले."

"अरेरे," सासूबाई म्हणाल्या. "हाल झाले तुमचे."

त्यांनी सहानुभूती दाखवावी असा प्रसंग विरळा, म्हणून नोंदवून ठेवतो. ही मात्र पाणी पिताना ठसका लागून उठून गेली.

झोपताना हिने सरळच सांगितलं. "अहो, पोरांना थोडं मोकळं सोडा. आमच्या इस्पितळात मुलांचे डॉक्टर आहेत, तेही हेच म्हणतात. सारखं कोणीतरी सांगत असलं की मुलं स्वतः ठरवायचं विसरतात."

मी विचार केला. डॉक्टर म्हणतात म्हणजे त्यात शास्त्र असणार. आणि शास्त्र असेल तर ते पद्धतशीरपणे अमलात आणलं पाहिजे.

२१ मार्च, शुक्रवार

आज सरावात 'मुक्त खेळ' हा नवा घटक दाखल केला. वेळ सव्वापाच ते साडेपाच. जागा टोप्यांनी आखून दिली. मुलांना समोर बसवून मुक्ततेचं महत्त्व समजावलं. समजावण्यात पाच वीस झाले. मग शिट्टी मारली आणि म्हणालो, "हं, मुक्त!"

कोणी हललं नाही.

"सर, रांगेत मुक्त व्हायचं का?" शिकवणीवाल्यांपैकी एकाने विचारलं.

"पण सर, नियम काय आहे?" वकीलबाई.

"नियम नाही. तुम्हाला हवं ते करा."

"घरी जाऊ?" टोपी.

"घरी सोडून."

मग ते टोप्यांभोवती चालू लागले. नुसते चालत होते, तुरुंगाच्या अंगणात चालतात तसे. खांबाने खांबाला टेकून डोळे मिटले. मी कडेने "छान! मोकळेपणा दिसू द्या! हात सैल!" असं प्रोत्साहन देत होतो. साडेपाचला शिट्टी मारताच सगळे धावत रांगेत आले. एवढ्या उत्साहाने ते याआधी कधीच रांगेत आले नव्हते.

डॉक्टरांचा सिद्धांत कागदावर बरा आहे. प्रत्यक्षात मुलांना मुक्त खेळ आवडत नाही.

बिट्टी आली होती, पण बाकावर बसून होती. येताना रस्त्यात म्हणाली, "बाबा, मला फुटबॉल सोडायचाय."

"का गं?"

"नाही आवडत आता."

तो 'आता' तिने किती हळू म्हटला. लिफ्टचा दोर एकेका तारेने तुटत जातो, बाहेरून काही दिसत नाही. मी तिच्या हातातली बाटली घेतली आणि दोघं घरी आलो.

२२ मार्च, शनिवार

काही नाही. घसा दुखतो.

२५ मार्च, मंगळवार

हात अजून काळे आहेत, आवाज फुटत नाही, तरी लिहिणं भाग आहे.

फर्निचरच्या गोदामाची मालाची लिफ्ट कुरकुरते अशी तक्रार होती. मागच्याच वर्षी मी तिला 'उत्तम' शिक्का दिलेला. दुपारी गेलो, सगळं पाहिलं, म्हटलं शेवटी एकदा स्वतः चढून बघू, मग थेट सरावाला. कोट पहारेकऱ्याच्या खोलीत टांगला होता. फोन कोटात.

दुसऱ्या मजल्याच्या जरा खाली लिफ्टने एक आचका दिला आणि थांबली. बटणं दाबली, दार हलवलं. काही नाही. माझा शिक्का तिथेच भिंतीवर, नाकासमोर: उत्तम.

ही लिफ्ट जाळीची आहे आणि एका बाजूने मागचं अंगण दिसतं. मदतीची घंटा दाबली. घंटा व्यवस्थित वाजली. पहारेकऱ्याच्या खोलीत वाजली. पहारेकरी मात्र अंगणात होता. सोफ्यापुढे, हात पसरून, गुडघे वाकवून, गोल अडवायच्या पवित्र्यात.

कारण पोरं आली होती. मैदानावर माझी वाट पाहिली असणार, मी आलो नाही म्हटल्यावर इकडे. सगळी अकरा. बिट्टीसुद्धा.

मी हाका मारल्या. पण पॉलिशच्या खोलीतला मोठा पंखा घरघरत होता, त्यापुढे माझं काय ऐकू जाणार! माझा जीव अक्षरशः टांगणीला, आणि खाली खेळ रंगात. काय करणार? जाळीला नाक लावून प्रशिक्षण सुरू केलं. "पास दे! अगं पास दे बिट्टी, उजवीकडे!" तिने उजवीकडे पाहिलंही नाही. भिंतीवर चेंडू मारला, तो उसळून दोघांच्या मागे गेला, आणि तिथे ती स्वतःच पोचलेली. गोल! भिंतीला पास देता येतो, हे मी शिकवलेलं नाही. मला माहीतच नव्हतं.

"मागे ये खांब!" मी ओरडलो. खांब पुढे गेला. झोपाळू खांब चक्क धावत होता, आणि धावता धावता गात होता.

मग भांडण झालं. चेंडू सोफ्याच्या वरून गेला की आतून, यावरून. मी वर तळमळतोय, आता पंच हवा, आता मी हवा. दोन्ही बाजूंनी हातवारे झाले, एकाने चेंडू उचलून 'मी चाललो' असा आव आणला, कोणीच थांबवलं नाही म्हणून तो परत आला. वकीलबाईने काहीतरी निकाल दिला. पुन्हा खेळ सुरू. माझं सगळं बोलणं हवेत.

टोपी जोरात आपटला. मी म्हटलं, झालं, आता भोकाड. त्याने इकडे तिकडे पाहिलं. कोणी मोठं माणूस बघत नाही अशी खात्री केली आणि उठून पळाला.

किती वेळ गेला, सांगता येत नाही. माझा आवाज आधी चिरकला, मग बसला, मग गेलाच. त्यानंतर मी नुसता बघत होतो. बिट्टी हसत होती. नुसती नाही, वाकून, पोट धरून. हसताना दिसलं की तिचा वरचा एक दात पडला आहे. हा कधी पडला? मला कोणी सांगितलं नाही. की ती माझ्यासमोर इतकं तोंड उघडून हसलीच नव्हती?

जाऊ दे. जाळीतून धूळ येत होती, डोळे चुरचुरत होते.

शेवटी कोणाच्या तरी लाथेने चेंडू उंच उडाला आणि धाडकन माझ्या जाळीवर आदळला. सगळ्यांनी वर पाहिलं. पिंजऱ्यात मी, हात काळे, तोंड उघडं, आवाज नाही.

मग वकीलबाई किंचाळली, "पळा! सर!"

सगळे पसार. सगळ्यात पुढे पहारेकरी. पण तो पळत पळत आपल्या खोलीत शिरला, तिथे घंटा वाजतच होती, त्यामुळे माझी सुटका झाली.

२६ मार्च, बुधवार

घशाच्या डॉक्टरांनी सक्तीचं मौन सांगितलं. कुजबुजायचंही नाही. मला आठवतं, ते चार दिवस म्हणाले होते. ही म्हणते, "नाही हो, पंधरा. तुम्ही नीट ऐकलं नाहीत." कानांच्या बाबतीत मी हिच्याशी वाद घालत नाही.

बिट्टीने संध्याकाळी जवळ येऊन विचारलं, "बाबा, ती लिफ्ट परत कधी तपासायची आहे?"

इतक्या वर्षांत तिने माझ्या कामाची आपणहून चौकशी करण्याची ही पहिलीच वेळ. ऊर भरून आला. कागदावर लिहून दाखवलं: दुरुस्ती झाल्यावर. ती म्हणाली, "मोठी दुरुस्ती सांगा ना." लिफ्टच्या सुरक्षेबद्दल एवढी आस्था!

२८ मार्च, शुक्रवार

मौनातला पहिला सराव. सूचनांसाठी रंगीत पुठ्ठे कापून नेले होते. हिरवा म्हणजे पुढे, निळा म्हणजे मागे, पिवळा म्हणजे रांग. शिट्टी सापडली नाही. सासूबाईंना खुणेने विचारलं, त्यांनी पत्ते वाटत "कोण जाणे" म्हटलं.

मैदानावर पाहतो तो सगळे अकरा हजर! गळालेलेसुद्धा. माझा आवाज गेल्याचं हिने म्हणे सगळ्या पालकांना फोन करून कळवलं होतं. सहानुभूतीची लाट असावी.

पिवळा पुठ्ठा वर धरला. मुलांनी वकीलबाईकडे पाहिलं. तिने पुठ्ठा नीट न्याहाळला आणि जाहीर केलं, "सर म्हणतायत, खेळा."

मी जोरजोरात मान हलवून नकार दिला.

"आणि म्हणतायत, गट तुमचे तुम्ही पाडा."

मग काही माझ्या हातात राहिलं नाही. मी टोप्यांच्या पिशवीवर बसून राहिलो. दोन टोप्या त्यांनी गोलाला वापरल्या, एक खांबाने डोक्यावर घातली. मध्येच चेंडू माझ्या पायाशी आला, मी तो परत लाथाडला. बुटाच्या टोकाने, तिरपाच गेला. तरी बरं वाटलं.

बिट्टी पूर्ण वेळ खेळली. आज पोट दुखलं नाही. डब्यात बदल केला का, असं हिला लिहून विचारलं. ती म्हणाली, "हो, थोडं तिखट कमी केलं." बघा, यंत्राचा दोष आणि वेळापत्रक.

१ एप्रिल, मंगळवार

पुठ्ठे नेलेच नाहीत. चिखल होता. मुलांनी घसरण्याचा खेळ केला, त्यात कधीतरी फुटबॉलही झाला. टोपीने मला विचारलं, "सर, तुम्ही असे कायमचे होणार का?" मी खुणेने नाही म्हटलं. त्याने माझ्या पाठीवर थोपटलं.

६ एप्रिल, रविवार

सामना.

साडूंची पोरं एका रांगेत आली, एकसारखं पाणी प्यायली, एकसारखं पाय झाडून उभी राहिली. आमची पोरं वेगवेगळ्या दिशांनी आली. खांबाच्या पायात दोन वेगळे मोजे.

शिट्टी झाली आणि साडूंनी सुरुवात केली. "डावा पाय! वर! खाली! मान! पास! आता! आता म्हटलं ना!" मी सहानुभूतीने घशावरून हात फिरवला. पण हे मान्य करतो, त्यांची पोरं यंत्रासारखी चालत होती. मध्यंतरापर्यंत त्यांचे तीन गोल, आमचा भोपळा. मला उभ्या जागी घाम. बोलायला तोंड उघडलं, तर हिने मागून दंड दाबला. "पंधरा दिवस," म्हणाली.

मध्यंतरात मी मुलांजवळ गेलो. काहीतरी सांगायला हवं होतं आणि सांगता येत नव्हतं. त्यांनी वाट पाहिली, मग आपापसातच बोलू लागली. भराभर, एकमेकांचं तोडत. तो आठ नंबर नेहमी डावीकडेच वळतो. पप्पांनी हाक मारली की चॅम्पियन आधी त्यांच्याकडे बघतो, तेवढ्यात घ्यायचा चेंडू. हे मला सुचलं नसतं.

खेळ सुरू होण्यापूर्वी वकीलबाई पंचांकडे गेली. "सर, आम्ही तीनने मागे आहोत. त्यांच्यातला एक द्या."

"काय?"

"एक चांगला द्या. तोच नियम आहे."

पंचांनी हसू दाबलं आणि नाही म्हटलं. ती परत येऊन पोरांना म्हणाली, "यांना नियमच माहीत नाहीत."

पुढचं कसं लिहू? टोप्यांच्या रांगेतून जे कधीच दिसलं नाही, ते सगळं एकदम दिसू लागलं. खांबाने गोल सोडून थेट मैदानाच्या मध्यापर्यंत चेंडू नेला. साडूंची पोरं गोंधळून कडेला बघू लागली, कारण समोरून गोलरक्षक आला तर काय करायचं, हे त्यांना सांगितलेलंच नव्हतं. साडूही क्षणभर गप्प! पहिला गोल तिथेच. दुसरा बिट्टीचा. तो मी पाहिला, पण कसा झाला ते सांगता येणार नाही, कारण मी उडी मारत होतो. मग त्यांचा चौथा. आणि अगदी शेवटी गर्दीतून चेंडू निसटला, टोपी घसरून पडला आणि पडता पडता त्याच्या गुडघ्याला लागून चेंडू आत. संपलं. चार-तीन. आम्ही हरलो.

पण आमच्या पोरांना कोण सांगणार? त्यांनी टोपीला उचललं आणि "जिंकलो! जिंकलो!" करत मैदानभर फिरवलं. तिकडे जिंकलेली पोरं रांगेत उभी, मान खाली, आणि साडू त्यांना विचारत होते की तीन गोल खाल्लेच कसे.

साडू माझ्याकडे आले. "साडूभाऊ, खरं सांगा. काय शिकवता हो तुम्ही यांना?"

मी घशाकडे बोट दाखवून हात हलवले.

"हां," साडू डोळे बारीक करून म्हणाले. "सांगायचं नाही. समजलो."

खरं सांगायचं तर बोलता आलं असतं, तरी माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते शोधण्यातच मी होतो, तेवढ्यात चॅम्पियन बिट्टीला विचारताना ऐकू आला.

"तुम्ही हरलात ना? मग जिंकलो काय म्हणता?"

"आमचं शेवटचा गोल धरतात. तुला येतं का?"

"नाही."

"मग ये. सोपं आहे."

मैदान पुढच्या संघाला द्यायचं होतं, म्हणून सगळे मैदानामागच्या मोकळ्या जागेत गेले. आमचे, त्यांचे, कोण कोणाचा कळेना, कारण शर्ट काढून त्याचेच गोल केले होते. बॅगांचा एकाच रंगाचा ढीग पडला. साडू ओरडले, "चॅम्पियन! गाडीत बस! गार वारा लागेल!"

"थांबा ना हो पप्पा!" तो वळूनही न पाहता ओरडला. छातीवरचा पट्टा काढून त्याने बॅगांच्या ढिगावर फेकला.

साडू माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. हात कुठे ठेवावेत हे त्यांना कळत नव्हतं. "हा असं कधी बोलत नाही," म्हणाले. मग थोड्या वेळाने, वेगळ्याच आवाजात, "हसतोय बघा."

मी मान डोलावली. मलाही काही दिवसांपूर्वी असंच उभं राहून बघावं लागलं होतं. फरक इतकाच, की मला जाळीतून.

कोणाचे तरी आईवडील आले, दोघं-तिघं कमी झाले, दोन्ही गोल रिकामे पडले. पोरांची काहीतरी मसलत झाली. बिट्टी पळत आली, घामाने केस कपाळाला चिकटलेले, गुडघा सोललेला.

"बाबा, गोलात कोणी नाही. येता का? काका, तुम्ही पण, पलीकडे. पण तुम्ही बोलायचं नाही. बाबा नाही बोलत, तसं."

साडूंनी माझ्याकडे पाहिलं. मी पँटच्या खालच्या घड्या वर दुमडल्या. मग त्यांनीही दुमडल्या.

मी किती गोल खाल्ले, ते लिहिण्यात अर्थ नाही. एक चॅम्पियनने माझ्या दोन पायांमधून मारला. एक मी स्वतःच आत ढकलला. एकदा मात्र उडी मारली, पूर्ण आडवा होऊन, चेंडू दुसऱ्याच बाजूला गेला होता, पण उडी चांगली होती. पलीकडून साडू "अरे डावीकडे!" म्हणून ओरडले आणि सगळ्या पोरांनी एका आवाजात त्यांना गप्प केलं. मी इतका हसलो की घशातून आवाज निघाला. चिरका, पण माझाच. ही कडेला उभी होती, तिने ऐकलं आणि ऐकलं नाही असं दाखवलं.

दिसेनासं झालं तेव्हा थांबलो. घरी परतताना मी लंगडत होतो. बिट्टीने माझं बोट धरलं होतं, हे तिने बऱ्याच दिवसांत केलं नव्हतं.

"बाबा," ती म्हणाली, "तुम्ही फारच वाईट खेळता."

मी मान डोलावली.

थोडं पुढे गेल्यावर म्हणाली, "उद्या पण या."